डायव्हरचं ताट

रत्नागिरीला जायचं ठरलं की माणसं आधी आमच्या दारात यायची. सांगलीतल्या आमच्या गल्लीत एक वकील होते, दोन मास्तर होते, हळदीच्या पेठेतले अडते होते, पण रत्नागिरीत जेवायचं कुठं हे विचारायला त्या सगळ्यांना आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाची पायरी चढावी लागे. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, एका खाजगी मालकाच्या बसगाडीवर डायव्हर होते. लग्नाची वऱ्हाडं, देवदर्शनाची मंडळी, शाळांच्या सहली असली भाडी असत आणि त्यातली आंबा घाट उतरून कोकणात जाणारी बहुतेक दादांच्या वाट्याला येत. कुठल्या खानावळीत मासा ताजा, कुठं सोलकढीला नारळ हात राखून वापरत नाहीत, कुणाकडं तांदळाची भाकरी तव्यावरून थेट ताटात येते, हे ज्ञान गल्लीत एकट्या दादांकडं होतं. त्यांना लिहायला येत नव्हतं, म्हणून चिठ्ठी मी लिहायची. दादा सांगायचे आणि मी वहीचं पान फाडून सुवाच्य अक्षरात उतरवायची: बंदराकडं जाताना उजव्या हाताला, पाटी नाही, दार हिरवं, आत गेल्यावर बाबूराव डायव्हरनं धाडलंय म्हणून सांगायचं. हे शेवटचं वाक्य ते प्रत्येक चिठ्ठीत घालायला लावत आणि लिहिलंस का म्हणून दोनदा विचारत. वकिलांसारखा माणूस ती चिठ्ठी खिशात घालून पायरी उतरला की मला वाटे, आपला बाप सांगलीतला मोठा माणूस आहे.

परत आल्यावर ही मंडळी काय सांगत, ते मी आता आठवून आठवून पाहते. छान होतं म्हणत, आणि विषय बदलत. आमच्याकडं तोंडावर नावं ठेवायची पद्धत नाही, ते काम पाठ वळल्यावर करतात. वकिलीणबाई एकदा म्हणाल्या होत्या, "बाबूराव, तुम्हाला फार मानतात हो तिथं," आणि दादा दोन दिवस ते वाक्य घरात घोळवत होते. वकिलीणबाईंनी जेवणाबद्दल चकार शब्द काढला नव्हता हे माझ्या लक्षात यायला पुढं वर्ष जावं लागलं.

आमच्या घरचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, पिठलं नाहीतर आमटी, लसणाची चटणी, आणि बाजारच्या दिवशी वांगी. आई स्टोव्हपुढं बसून परातीत भाकरी थापायची. त्या थापण्याच्या आणि स्टोव्हच्या फरफरीच्या वर आवाज चढवून दादा कोकणातलं जेवण सांगायचे. कोकणातून आल्यावर दोन-तीन संध्याकाळी तेच चाले. सुरमईची तुकडी किती जाड होती ते दोन बोटं आडवी धरून दाखवत. तिला रवा कसा लावलेला, कढईतून काढताना ती कशी कुरकुरली, आत काटा एकच आणि तोही मधोमध, बाकी सगळं लोण्यासारखं. भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवताना त्यांचा हात मध्येच थांबायचा आणि ते म्हणायचे, "सुमे, मासा लय नाजूक जिन्नस बघ. एक दीस शिळा झाला की इख." मी आणि धाकटा भाऊ तोंडाकडं बघत राहायचो. आई मात्र मान वर करायची नाही. ती कराडकडची, मटणाचं कालवण झणझणीत करणारी, तिला दुसऱ्याच्या चुलीचं कौतुक आपल्या चुलीपुढं ऐकायची हौस नव्हती. "ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी," एवढंच ती पुटपुटायची आणि पुढची भाकरी तव्यावर टाकायची. एकदा तिनं विचारलं होतं, मला कवा नेताय म्हणून. नेऊ की, म्हणाले. नेलं कधीच नाही. भाड्याच्या गाडीत डायव्हरच्या बायकोला जागा नसते.

दादा मूळचे माण तालुक्यातले. तिथं पाऊस पडला तर बाजरी, नाही पडला तर हुलग्याचं माडगं, आणि तेही पातळ. त्यांच्या गावातले अर्धे पुरुष मुंबईत, उरलेले मेंढरांमागं. दुष्काळाच्या वर्षी माझे चुलते आणि चुलती रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते आणि त्यांची दोन पोरं आमच्याकडं राहायला होती. तेव्हा दादा स्वतः अर्धी भाकरी खाऊन पोट भरलं म्हणत. लहानपणी लग्नाच्या पंगतीत आगंतुक म्हणून त्यांना कुणीतरी दंडाला धरून उठवलं होतं. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली आणि सांगताना हसले होते. अशा माणसाला कोकणातल्या त्या बंदरावर खानावळीचा मालक दारापर्यंत सामोरा येऊन "या बाबूराव, बसा," म्हणायचा. पाण्याचा तांब्या स्वतः आणून ठेवायचा. दादांना तो मान वाटला, आणि का वाटू नये? साऱ्या जन्मात दुसरं कोण त्यांना या, बसा म्हणालं होतं?

हल्ली माझा नातू मोबाईलवर तारे मोजून हॉटेल ठरवतो. चार तारे असतील तर जायचं, तीन असतील तर नाही. हे तारे कोण देतं, आणि ते देणाऱ्याच्या ताटात काय वाढलं होतं, असं मी एकदा विचारलं. आजी, तुझं काहीतरीच असतं, म्हणाला. माझा स्वभाव कडू आहे असं घरात सगळेच म्हणतात. असेल.

मी नववीत असताना आमच्या मुलींच्या शाळेची सहल रत्नागिरीला न्यायचं ठरलं. कुलकर्णी बाईंनी वर्गात विचारलं तेव्हा मी हात वर करून उभी राहिले आणि दादांची गाडी, दादांना माहीत असलेली ठिकाणं, हिरव्या दाराची खानावळ, सगळं एका दमात सांगून टाकलं. पुढचे दोन महिने माझी चैन होती. मधल्या सुट्टीत मुली माझ्याभोवती कोंडाळं करून बसायच्या आणि मी दादांच्या तोंडची सुरमई त्यांना वाढायची, तशीच दोन बोटं आडवी धरून. खाल्ली मी कधीच नव्हती.

माझी मैत्रीण शैला हे सगळं माझ्याहून जास्त मनावर घेऊन ऐकायची. तिच्या वडिलांची आमच्याच गल्लीत पिठाची गिरणी होती. त्यांना सगळे अण्णा म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण मुलीनं उंबऱ्याबाहेर पडायचं ते शाळेपुरतं, हा त्यांचा कायदा. शैला गणितात पहिली यायची. तिला मास्तरीण व्हायचं होतं आणि हे ती फक्त मला सांगायची, कारण घरात ते सांगायची सोय नव्हती. सहलीला पाठवायला अण्णा तयार होईनात. शेवटी दादा स्वतः गिरणीवर गेले आणि म्हणाले, "आवं अण्णा, माझी पोरगी हाय की संगं. जशी सुमी तशी तुमची शैला. माझ्या हातात गाडी हाय, काळजी कशापायी करताय?" अण्णांनी पिठानं माखलेला हात पुसला आणि हो म्हणाले. दादांच्या शब्दावर हो म्हणाले, हे पुन्हा सांगते, कारण पुढं जे झालं ते सगळं या शब्दावरून झालं.

घाट उतरताना पन्नास मुली गाणी म्हणत होत्या आणि दादा आरशातून माझ्याकडं बघून हसत होते. रात्रीचा मुक्काम तिथल्या एका शाळेत झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र पाहिला. शैलानं पाणी तोंडात घेऊन ते खरंच खारट आहे याची खात्री केली आणि मग माझ्याकडं अशी बघत राहिली, जसा काही तो समुद्र मीच आणून ठेवला होता. दुपारी उन्हं चढल्यावर आम्ही हिरव्या दाराशी उतरलो. मालक दारात उभा होता. त्यानं बाईंना नमस्कार केला आणि दादांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना आत नेलं. आम्हाला बाहेरच्या लांब पत्र्याच्या पडवीत बाकांवर बसवलं. मासे न खाणाऱ्या मुलींची रांग वेगळी, त्यांना बटाट्याची भाजी. आमच्या ताटात जाड भात, त्यावर पाण्यासारखं पिवळं कालवण आणि प्रत्येकीला एक लहान बांगडा, करपलेला. भात गार होता. मी बांगड्याचा तुकडा तोंडात घातला आणि जिभेला चुरचुरलं. वास तर ताट समोर आल्याबरोबरच आला होता. रांगेत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, हीच काय गं ती खानावळ? कुणीतरी हसलं. मी तोंडातला घास हळूच ओंजळीत काढला आणि बाकाखाली टाकला.

कुलकर्णी बाईंपर्यंत कुजबुज पोचली. त्या बिचाऱ्या जन्मात मासा न खाल्लेल्या, बटाट्याच्या रांगेत बसलेल्या, त्यांना ताजा काय आणि शिळा काय, कळणार कसं? त्यांनी मुलींना थांबायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, "सुमन, आत जा आणि तुझ्या वडिलांना विचारून ये, हा मासा ताजा आहे ना म्हणून. ते सांगतील तसं करू." मुलींचे हात ताटांवर थांबले. शैलाचाही थांबला. मी उठून आत गेले.

पडवी आणि मुदपाकखान्याच्या मध्ये एक खोली होती, दाराला फुलांचा पडदा. तो बाजूला केला तर आत दादा खुर्चीवर बसले होते. पुढं स्टीलचं मोठं ताट. वाफाळणारा बारीक भात, तांदळाची भाकरी, गुलाबी सोलकढी, नारळाचं दाट कालवण, आणि दोन बोटं जाडीच्या सुरमईच्या दोन तुकड्या. मालक स्वतः शेजारी उभं राहून वाढत होता. आता ही रीत सगळ्यांना माहीत असते. पन्नास माणसं दारात आणणाऱ्या डायव्हरला खूश ठेवायचं, त्याचं ताट वेगळं, म्हणजे तो पुढच्या खेपेला गाडी इथंच थांबवतो. पण मी चौदा वर्षांची होते आणि दादा माणचे होते. बाहेर पडवीत काय वाढतात ते बघायला ते इतक्या वर्षांत एकदाही गेले नव्हते. आपल्या ताटात जे आहे तेच सगळ्यांच्या ताटात आहे, असं ते धरून चालले होते. मी एवढं ठामपणे सांगते, कारण त्या क्षणी त्यांच्या तोंडावर मला बघून जो आनंद दिसला, त्यात लपवाछपवी नव्हती.

बाई विचारतायत, मासा ताजा आहे का, असं मी म्हणाले. दादा मोठ्यांदा हसले आणि मालकाकडं बघून म्हणाले, ऐका. मग त्यांनी सुरमईचा मोठा तुकडा मोडला, काटा काढला आणि माझ्यापुढं धरला. "इचारतीस काय? खाऊन बघ की. तुझ्याच तोंडाला कळंल." मी तो हातात घेतला आणि खाल्ला. आणखी एक दिला, तोही खाल्ला. काय सांगू? तेवढी चव मला पुन्हा कुठं मिळाली नाही, आणि मी पुढं शोधली नाही असं नाही. दादा माझ्या तोंडाकडं बघत होते, मान हलवत होते. पुढच्या मिनिटात मला सांगता आलं असतं की दादा, बाहेरचा मासा हा नाही, बाहेरचा घाण आहे, उठून बघा. सांगितलं नाही. मालक समोर होता. आणि दादा इतके सुखात होते की मला ते सुख मोडवेना. हे झालं एक कारण. दुसरं कारण असं की बाहेर दोन महिन्यांची माझी बढाई ताटात पडली होती. त्या दोन्हींतलं कुठलं मोठं होतं, ते मी पन्नास वर्षं तोलत आले आहे. दुसरं मोठं होतं.

मी बाहेर आले आणि बाईंना म्हणाले, "ताजा आहे. दादा पण तेच खातायत." बाईंनी मान हलवली. मुली जेवायला लागल्या, नाकं मुरडत का होईना. शैलानं मला हळूच विचारलं, खरंच तुझे दादा हेच खातायत? मी हो म्हटलं. "मग खाते," ती म्हणाली आणि खरोखर मनापासून खायला लागली. समुद्रातला मासा असाच लागत असेल, आपल्याला सवय नाही, असं तिनं स्वतःची समजूत घालून घेतलेली मला दिसत होतं. माझ्या ताटात माझा बांगडा तसाच होता. ताटात अन्न टाकलं तर बाई ओरडल्या असत्या आणि मग सगळं उघडं पडलं असतं. मी तो उचलून शैलाच्या ताटात ठेवला. मला गाडी लागते, तू खा, म्हणाले. तिनं तोही खाल्ला.

ऊन कलल्यावर आम्ही निघालो. घाट चढायला लागलो तेव्हा पहिल्या मुलीनं खिडकीतून तोंड बाहेर काढलं. मग दुसरीनं. वरच्या वळणापर्यंत आठ-दहा जणी झाल्या. गाडी लागली असेल म्हणून बाई लिंबू शोधत होत्या. शैलाचा चेहरा आधी लाल झाला, अंगावर गांधी उठल्या आणि मग ती जी ओकायला लागली ती थांबेना. दादांनी गाडी बाजूला घेतली. घाटातल्या एका झोपडीतून त्यांनी घागर मागून आणली, प्रत्येक मुलीला पाणी पाजलं, तोंडं धुतली. शैलाचं डोकं मी मांडीवर घेऊन बसले होते. तिच्या कपाळावरचे केस मी हातानं मागं सारत होते आणि ती डोळे उघडून माझ्याकडं एकदा बघून पुन्हा मिटत होती. कुणीतरी खानावळीचं नाव काढलं. दादा घागर खाली ठेवून सरळ उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तिथलं अन्न असं करायचं न्हाई. मी बी तिथंच जेवलोय की." मी शैलाचे केस मागं सारत राहिले.

बाकीच्या मुली दोन दिवसांत उठल्या. शैलाला दवाखान्यात ठेवावं लागलं, सलाईन लावलं, आणि घरी आल्यावरही महिनाभर तिला उठवून बसवायला माणूस लागे. वार्षिक परीक्षा बुडाली. दादा रोज तिच्या घरी जात, कधी शहाळं, कधी मोसंबी घेऊन, आणि अण्णा ते घेऊन दाराशीच ठेवून देत. एक दिवस अण्णा म्हणाले, आवाज न चढवता म्हणाले असं दादांनीच घरी येऊन सांगितलं, "बाबूराव, तुमी बी तिथंच जेवलात. तुमाला कसं काय झालं न्हाई?" दादा त्या संध्याकाळी भाकरी पुढं घेऊन बसले आणि खाईनात. मलाच विचारू लागले. तू बी जेवलीस की बाय, तुला काय झालं न्हाई, मग त्या पोरीलाच कसं? त्यांना खरंच कळत नव्हतं.

मी तेव्हा सांगितलं. पण कसं सांगितलं ते बघा. "मी तुमच्या ताटातलं खाल्लं होतं. बाहेरचं ताट येगळं असतंय, दादा. तुमाला डायव्हर म्हणून येगळं वाढतात." एवढंच. बाईंना काय सांगून आले ते नाही सांगितलं. शैलाच्या ताटात काय ठेवलं ते नाही सांगितलं. आईचा थापणारा हात थांबला. दादा माझ्याकडं बघत राहिले, आणि मी खाली परातीकडं. मग त्यांनी ताट बाजूला सारलं. माणमधला माणूस वाढलेलं ताट सारत नाही. त्या दिवशी सारलं.

पुढचं मला आईकडून कळलं. त्यानंतरच्या कोकणातल्या भाड्याला दादांनी गाडी पुन्हा त्याच दारात लावली. मालक सामोरा आला, तर त्याला ओलांडून ते पडवीत गेले आणि वऱ्हाडी मंडळींच्या रांगेत बाकावर बसले. मालक म्हणाला, अहो बाबूराव, हे काय, आत या. दादा म्हणाले, हितंच वाढा. वाढलं ते सगळं त्यांनी संपवलं, बोटांनी ताट पुसून संपवलं, आणि उठले. भांडले नाहीत, शिवी दिली नाही. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत ते कुठल्याही खानावळीत जेवले नाहीत. आई पहाटे उठून भाकऱ्या बांधून द्यायची. गाडी खानावळीपुढं थांबली की दादा स्टिअरिंगवर फडकं पसरून तिथंच भाकरी खात, आणि बाकीचे डायव्हर त्यांना काय काय बोलत असत. गल्लीतल्या लोकांनी चिठ्ठ्या मागायचं बंद केलं होतंच. घरात संध्याकाळी स्टोव्हची फरफर आणि भाकरी थापल्याचा आवाज तेवढा राहिला, त्याच्या वर बोलणारं कुणी उरलं नाही. आईला तिच्या चुलीचा मान परत मिळाला होता, पण असा मान मिळून तिला आनंद झालेला मी पाहिला नाही. दादा गेले तेव्हा मी साताऱ्यात नोकरीला होते. त्या पोरीचं शिक्षण माझ्यापायी गेलं, असं शेवटच्या दुखण्यात ते दोनदा म्हणाले. मी त्यांचे पाय चेपत राहिले.

शिक्षण गेलंच होतं. पोरीला बाहेर पाठवलं हीच चूक, असं म्हणून अण्णांनी शैलाला शाळेतून काढलं. ती माझ्याशी त्या घाटापासून परत बोलली नाही. आजारी असताना भेटायला गेले तर भिंतीकडं तोंड करून झोपायची. बरी झाल्यावर गिरणीत पीठ चाळताना दिसायची, पण माझ्याकडं बघायची नाही. वर्षा-दीड वर्षात लग्न होऊन गेली. मला वाटलं, दादांवरचा राग ती माझ्यावर काढते आहे, आणि मी मनातल्या मनात तिच्यावरच रुसून घेतलं. माणूस स्वतःला किती सवलती देतं!

तीन वर्षांपूर्वी साताऱ्यात मोतीबिंदूच्या तपासणीला गेले होते. डोळ्यांत थेंब घालून आम्हा सात-आठ म्हाताऱ्यांना एका बाकावर बसवलं होतं. समोरचं काही धड दिसत नाही, मग माणसं बोलत बसतात. शेजारच्या बाईनं विचारलं, माहेर कुठलं? मी सांगली म्हणाले, गल्लीचं नाव सांगितलं. ती म्हणाली, बाबूराव डायव्हरांची सुमन का? मला तिचा चेहरा धुक्यातल्यासारखा दिसत होता, पण आवाज ओळखला. मी तिचा हात धरला. तो तिनं काढून घेतला नाही. तिनं मुलांचं सांगितलं, नवरा गेल्याचं सांगितलं, थोरली मुलगी हायस्कुलात गणित शिकवते हेही सांगितलं. मग मी म्हणाले, पन्नास वर्षांनी म्हणाले, की शैला, त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं होतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "घाटातच कळलं. तू माझ्या कपाळावरून हात फिरवत होतीस, तर तुझ्या बोटांना वास येत होता. आमच्या ताटातला न्हवता तो. चांगल्या माशाचा होता."

मग सांगितलं का नाही कुणाला, मी विचारलं. अण्णांना सांगितलं असतंस तर माझ्या दादांवर आळ आला नसता, तुझी शाळा कदाचित राहिली असती.

"कुणाला सांगू? तुझे दादा घागर घेऊन पळत हुते माझ्यासाठी. त्येंच्या देखत त्येंची लेक खोटी म्हणून कशी सांगू?"

आतून कुणाचं तरी नाव पुकारलं, ते आमच्यापैकी नव्हतं. त्या दिवसापासून मासा तोंडात घातला नाही, वाससुद्धा सोसत नाही, असं मग शैलानं अगदी साधेपणानं सांगितलं. आणि माझ्याकडं तोंड वळवून विचारलं, "चांगली हुती का गं ती सुरमई?"

"हो," मी म्हणाले. "फार चांगली होती."